चौथं मत

ज्या उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही होती, त्या उमेदवाराला मी मत दिलं नाही. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगण्याची मला सवय नाही. पण आता पन्नाशी उलटली आहे. काही गोष्टी गप्प ठेवल्या की तळाशी बसतील असं वाटलं होतं, त्या बसत नाहीत. म्हणून लिहितो.

उमेदवाराचं नाव प्रभाकर निमोणकर. आता यातली गंमत अशी, की स्वतःच्या प्रचारसभेत समोरच्या उमेदवाराला टाळ्या मिळवून देणारा हा मला माहीत असलेला एकमेव उमेदवार. निमोणकरांची सभा म्हणजे बसथांबा. मैदान नाही, मंडप नाही, भोंगा तर नाहीच. वारज्यातल्या एखाद्या थांब्यावर संध्याकाळी माणसं बसची वाट बघत उभी असतात. निमोणकर काखेतलं घडीचं स्टूल उघडायचे, त्यावर चढायचे आणि मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या हातात धरायचे. "बसची वाट बघणारा माणूस दुसरीकडे जात नाही," असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या बसची वेळ बघता सभेला वेळही भरपूर मिळायचा.

घड्याळ कशाला, तर भाषणाचे दोन समान भाग करायला. पहिल्या भागात स्वतःची बाजू, दुसऱ्या भागात विरोधकांची. म्हणजे टीका नव्हे. विरोधकांनी केलेली चांगली कामं. "मावळते नगरसेवक अण्णा यांनी स्मशानभूमीची शेड उत्तम करून घेतली. पावसात मयताला त्रास होत नाही. हे मान्य केलं पाहिजे." मग शेडचा पत्रा कुठल्या प्रतीचा आहे तेही सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे. एकदा पिशवी घेऊन उभे असलेले एक आजोबा म्हणाले, मग त्यांनाच मत देतो की. निमोणकर स्टुलावरून वाकून अदबीने म्हणाले, "जरूर द्या. पण विचार करून द्या."

हे वेड नव्हतं. निदान त्यांच्या मते नव्हतं. निमोणकर उभं आयुष्य वजनमापे खात्यात निरीक्षक होते. भाजीवाल्यांचे काटे, रॉकेलची मापं, पेट्रोलपंप, दूधवाल्यांची पळी, हे तपासण्यात त्यांची नोकरी गेली. कुठल्याही दुकानदाराचा चहा घेतला नाही आणि त्यामुळे कुठल्याही साहेबाने त्यांना चांगल्या ठिकाणी बदली दिली नाही. समाजवाद त्यांनी पुस्तकात वाचला असेल, पण तो त्यांना कळला तो काट्यावर. "समाजवाद म्हणजे काय, सेक्रेटरी? मापात मारायचं नाही. बाकी सगळा तपशील." मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून ते मला त्याच नावाने हाक मारत. मी त्यांना नुसतं निमोणकर म्हणे. 'सर' म्हटलेलं त्यांना चालत नसे, 'साहेब' म्हटलेलं तर अजिबात नाही. आणि 'साथी' म्हणायला माझी जीभ वळत नसे.

त्यांचा दुसरा आवडता शब्द 'तत्त्वतः'. चहा घेणार का विचारलं की म्हणायचे, "तत्त्वतः हो, पण साखर कमी." पाऊस येईल का विचारलं तरी तत्त्वतः येईल. त्यांचा पक्ष माझ्या देखत दोनदा फुटला. दोन्ही वेळा निमोणकर ज्या बाजूला राहिले ती बाजू वर्षभरात पुन्हा फुटली. शेवटी वारज्यात तिघंच उरले: स्वतः निमोणकर, शाळेसमोर शिवणाचं दुकान असलेले हमीदभाई आणि पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या शालनताई. तिघांत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार वाटून झाल्यावर कार्यकर्ता कोणी उरत नव्हता. पक्षाची मान्यताही कधीच गेली होती, त्यामुळे निमोणकर अपक्ष म्हणून उभे राहत. निवृत्तीनंतर दोनदा उभे राहिले, दोनदा डिपॉझिट गेलं. मग मध्ये बरीच वर्षं महापालिकेच्या निवडणुका झाल्याच नाहीत. शहराचं त्यावाचून काही अडलं, असं म्हणता येणार नाही. निमोणकरांचं मात्र अडलं. भेटले की विचारायचे, "काही ऐकलंत का? कधी लागतायत?" पोराच्या लग्नाची तारीख विचारावी तसं.

पोराचं लग्न केव्हाच झालं होतं. मुलगा हिंजवडीला एका कंपनीत आहे, तिथेच फ्लॅट घेऊन राहतो. त्याविषयी निमोणकरांची तक्रार फक्त तांत्रिक होती. "अठराव्या मजल्यावर राहतो आणि ग्रामपंचायतीला मत देतो. आपल्या काही उपयोगाचा नाही." मुलगा किती दिवसांनी येतो हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बायको कुसुमताई गेल्या तेव्हा मी भेटायला गेलो होतो. काय बोलावं ते मला सुचेना. त्यांनीच माझी सोडवणूक केली. म्हणाले, "घरातला विरोधी पक्ष गेला, सेक्रेटरी. आता सगळे ठराव एकमताने होतात." मी हसलो. हसायला नको होतं, की हसावं म्हणूनच ते बोलले होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमची ओळख झाली ती टँकरमुळे. आमची सोसायटी टेकडीच्या बाजूला, शेवटच्या टोकाला. महापालिकेची पाइपलाइन खालच्या चौकापर्यंत येऊन थांबलेली. वर आम्ही टँकरच्या भरवशावर. तीन इमारती, आणि उन्हाळ्यात रोज टँकर. एके सकाळी मी गेटवर उभा होतो, तर मागच्या गल्लीतल्या बैठ्या घरात राहणारा एक उंच, हडकुळा म्हातारा हातात आखलेली बांबूची काठी घेऊन टँकरच्या शिडीवर चढताना दिसला. ड्रायव्हर खालून ओरडत होता, ओ काका, उतरा, पडलात तर माझ्या गळ्यात याल. म्हातारा शांतपणे झाकण उघडून काठी आत सोडत होता. काठी बाहेर काढून त्याने ओली खूण बोटाने पुसली, खाली उतरला आणि मला म्हणाला, "तुमचं पाणी पाऊण टँकर येतंय. पैसे पूर्ण टँकरचे देता की पाऊण?"

टँकर अण्णांच्या मेव्हण्याचे होते. हे सगळ्यांना माहीत होतं, निमोणकरांनाही. त्यांनी रीतसर तक्रार केली, मग आठवडाभर रोज सकाळी काठी घेऊन गेटवर उभे राहिले. ते आमच्या सोसायटीत राहतही नव्हते. हळूहळू टँकर काठोकाठ येऊ लागले. आमचे चेअरमन पाटसकर त्या वेळी म्हणाले, माणूस चक्रम आहे, पण उपयोगी आहे. पाटसकरांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कोणाची ऐकलेली नाही.

त्यामुळे निवडणूक लागली आणि निमोणकर अर्ज घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मी सही केली. विचारही केला नाही. सूचक प्रभागातलाच मतदार लागतो. हमीदभाई अनुमोदक होते, शालनताईंचं नाव वडगावच्या यादीत निघालं. "तुम्हाला काही अडचण तर नाही ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, सहीच तर करायची आहे. मला खरंच तसं वाटलं होतं.

चिन्ह मिळालं बादली. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत बादली. आमच्या इमारतीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी सुनावलं, बादली आमच्याकडे आहे, पाण्याचं बोला. निमोणकरांनी ते वाक्य पुढच्या सभेत स्वतःच सांगितलं, विरोधकांच्या वेळात.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडून द्यायचे असतात, त्यामुळे प्रत्येक मतदाराला चार मतं द्यावी लागतात. अ, ब, क आणि ड. चारही दिल्याशिवाय मशीन वाजत नाही, आणि मशीन वाजल्याशिवाय मत होत नाही. अण्णांनी चारही जागांवर आपली माणसं उभी केली होती. ड जागेवर ते स्वतः. निमोणकर उभे होते तेही ड मध्ये. सोप्या जागेवर का नाही उभे राहत, असं मी विचारलं, तर म्हणाले की दुसरीकडे सगळे नवखे आहेत, त्यांच्या चांगल्या कामांवर अर्धा वेळ बोलणार काय?

प्रचाराला मी त्यांच्याबरोबर आमच्या सोसायटीत फिरलो. सेक्रेटरी म्हणून ते बरं दिसतं असं मी पाटसकरांना सांगितलं होतं. निमोणकर मतदार-चिठ्ठ्या स्वतः लिहून घरोघर द्यायचे. कोणाचं नाव कुठल्या केंद्रावर, अनुक्रमांक काय, हे सगळं सुवाच्य अक्षरात. अण्णांच्या पक्क्या कार्यकर्त्यांनाही देत. माझी चिठ्ठी मला देताना म्हणाले, "तुमचं बरं आहे. केंद्र तुमच्याच क्लबहाउसात. चप्पल घातली की पोचलात." तीन इमारतींची सगळी नावं त्याच एका केंद्रावर होती.

दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत जाता जाता माझे गुडघे बोलायला लागले. मी म्हटलं, निमोणकर, खाली सगळ्यांच्या टपालपेट्या आहेत, तिथं टाकू या की. ते जिन्यात थांबले. "पेटीत टाकली तर दार कोण उघडेल, सेक्रेटरी?"

मला वाटलं, ही प्रचाराची युक्ती. मग मी बघू लागलो. दार उघडलं की ते चिठ्ठी द्यायचे आणि पाणी मागायचे. पिशवीत त्यांची स्वतःची बाटली असायची. "अर्धाच पेला द्या, टंचाई आहे." मग कोणी 'बसा' म्हटलं की लगेच बसायचे. मत द्या असं एकदाही म्हणायचे नाहीत. मुलाची बारावी कशी चालली आहे, आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, खिडकीतून टेकडी दिसते का, असं विचारायचे. एका घरात नव्या नवरा-बायकोने त्यांना पोहे दिले. निमोणकरांनी ते इतके सावकाश खाल्ले की मला संकोच वाटू लागला. निघताना त्या मुलीला म्हणाले, "तत्त्वतः मी उमेदवाराने खाऊ नये या मताचा आहे." आणि बशी स्वतः विसळून ठेवली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हा माणूस निवडणूक कधी लागते म्हणून इतकी वर्षं का विचारत होता. एरवी कोण कोणाचं दार वाजवतं? वाजवलं तर काय सांगायचं?

ही गोष्ट मला कळली होती, आणि तरीही पुढचं झालं. तेव्हा मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मतदानाच्या आदल्या रविवारी अण्णा क्लबहाउसात आले. मोठी मिरवणूक नाही, काही नाही. दोन माणसं, पांढरा शर्ट, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. पाटसकरांनी पाइपलाइनचा विषय काढला. अण्णांनी हात वर केला. ते मूळचे इथल्याच जुन्या गावठाणातले, बोलतातही तसंच.

"पायपाचं काय बोलू नका. पायप तुमचाच हाय. मंजूर करून ठिवलाय. आमी काय मागत न्हाय. फक्त तुमच्या हॉलमधलं मशिन मोजताना उघडंल, तवा आमाला खाली बघाय लागू नये, एवढंच."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी मऊ. "सेक्रेटरीसायब, तुम्ही त्या बादलीवाल्या निमोणकरांचे सूचक म्हनं. असू द्या. मानूस चांगला हाय. मैत्री येगळी, मत येगळं."

मी बहुतेक मान हलवली. अण्णा गेल्यावर पाटसकरांनी खुर्च्या रचता रचता, माझ्याकडे न बघता, सगळा हिशेब मांडून टाकला. मोजणी केंद्रवार होते. आपल्या केंद्रावर आपलेच लोक. निमोणकरांना आपल्याकडे ओळखणारे पुष्कळ, पण मत देणारं कोण? "एक जरी बादलीत पडलं, तर ते कोणाचं हे विचारायला नको. तीन इमारतींचं पाणी आहे सेक्रेटरी, बघा बुवा." पाटसकर कधी धमकी देत नाहीत. ते 'बघा बुवा' म्हणतात.

म्हणजे गुप्त मतदान माझ्यापुरतं गुप्त राहिलं नव्हतं. एक पडलं तर अण्णांना कळणार. शून्य पडलं तर निमोणकरांना कळणार. घरी बायको रोज टँकरच्या वेळेवर स्वयंपाकाचं गणित बसवत होती. आईचं वय झालेलं, तिला अंघोळीला बादलीभर गरम पाणी लागायचं. ही कारणं खरी आहेत. पण मी घाबरलो होतो हे त्यांच्याआधी खरं आहे. तीन इमारतींनी मला जिन्यात बघून बोलणं थांबवावं, याची मला भीती वाटली.

मतदानाच्या दिवशी मी दुपारी गेलो, गर्दी कमी असते म्हणून. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत कोणी टेबल मांडायचं नाही असा नियम आहे. अण्णांच्या माणसांचं टेबल गेटजवळच होतं, दहा-बारा जण, वर छत्री. निमोणकरांनी स्वतः टेप लावून शंभर मीटर मोजले होते, आणि टेबल त्याच्याही पलीकडे, टँकर वळतो तिथल्या वळणावर मांडलं होतं. तिथून केंद्र दिसतही नव्हतं. टेबलाशी ते एकटेच.

आत मी अ दाबलं, ब दाबलं, क दाबलं. तिन्ही ठिकाणी अण्णांची माणसं. त्यात मला काही वाटलं नाही, तिथे आमचं कोणी नव्हतंच. मग ड. बादली खालून दुसरी होती. माझं बोट तिथपर्यंत गेलं होतं हे मी शपथेवर सांगू शकतो, पण त्याचा उपयोग काय? मशीन वाजेना. पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडून मतदान अधिकारी बाई म्हणाल्या, "काका, तीनच झालीत. चौथं राहिलं." मी तसाच उभा. रांगेतला कोणीतरी म्हणाला, झोपले वाटतं. लोक हसले. बाई पुन्हा म्हणाल्या, चौथं दाबा काका, त्याशिवाय होत नाही.

शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' असंही एक बटण असतं. ते मला त्या घाईत सुचलंच नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं. मी अण्णांचं दाबलं. मशीन लांबलचक वाजलं.

घरी जायचं तर वळणावर जायची गरज नव्हती. पण गेलो नसतो तर ते दिसलं असतं. निमोणकरांनी मला बघून खुर्ची पुढे केली. कोणाला दिलं हे ते कोणालाच विचारत नसत, मलाही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "चारही दिलीत ना? लोक तीन देतात आणि निघतात. मग मत फुकट जातं."

मी म्हटलं, "दिली."

"छान," ते म्हणाले, आणि बाटलीतलं पाणी माझ्यापुढे केलं.

निकालाच्या दिवशी मी ऑफिसात काम काढलं. संध्याकाळी शालनताईंच्या पोळी-भाजी केंद्रात गेलो. न जाणं शक्यच नव्हतं. तिथे जमायचं असं आधीच ठरलं होतं. मागच्या फळीच्या बाकावर निमोणकर आणि हमीदभाई बसले होते. दोघंही दिवसभर मोजणीच्या हॉलमध्ये जाळीला चिकटून उभे होते. डिपॉझिट गेलं होतं. त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं; शालनताई तर पोळ्या लाटता लाटता, मागच्यापेक्षा बरीच सुधारणा आहे, असं म्हणाल्या. हमीदभाईंना प्रत्येक केंद्रावरचा आकडा पाठ होता, कपड्यांची मापं लक्षात ठेवायची सवय. ते बोटांवर सांगत होते, कुठे किती, शाळेत एकच, कुठे अपेक्षेपेक्षा जास्त. सगळ्या केंद्रांवर काही ना काही पडलं होतं.

"फक्त क्लबहाउसच्या बूथवर भोपळा," हमीदभाई म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. ते बोलता बोलता बोलले, आणि मग बोलता बोलताच माझ्याकडे वळले. "असं कसं पण? तिथं तर सेक्रेटरीसाहेब राहतात ना?"

शालनताईंचं लाटणं थांबलं.

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो, ते आता मला सांगता येणार नाही. निमोणकरांनी वाटीतली भाजी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाले, "त्यांचं नाव नाही तिथं. या वेळी शाळेच्या केंद्रावर गेलंय. याद्यांचा सगळा घोळ घातलाय."

इतकं सरळ, की हमीदभाईंनी मान डोलावली. याद्यांचा घोळ सगळ्यांनाच माहीत होता. शालनताईंचं नाव वडगावला गेलं, मग माझं शाळेत जायला काय हरकत. शालनताईंचा चेहरा खुलला. "अगं बाई. मग शाळेतलं ते एक या भाऊंचं होय." आणि त्यांनी तव्यावरची गरम पोळी, निमोणकरांच्या आधी, माझ्या ताटात टाकली. वर तूप सोडलं.

ती मी खाल्ली. काय करणार होतो?

आम्ही दोघं एकाच वाटेने परत निघालो. चढावर निमोणकर हळू चालत होते, निवडणुकीत त्यांचा पाय दुखावला होता. मी म्हटलं, निमोणकर, एक बोलायचं होतं. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. "पाइपलाइनचं काम कधी निघतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, महिनाभरात म्हणतात. "खोदाई नीट करून घ्या. पाइप वरवर पुरतात आणि मग ट्रकखाली फुटतात. उभं राहून बघा." मग माझ्या गेटशी थांबले. आत यायला मी म्हणालो नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, इतकी मला त्यांच्या जाण्याची घाई झाली होती. ते थोडा वेळ गेटवरचा बोर्ड वाचत उभे राहिले. तो त्यांना पाठ असणार. मग म्हणाले, "आता पुन्हा पाच वर्षं. अधूनमधून या, सेक्रेटरी. काही काम नसलं तरी."

मी येतो म्हटलं.

पाइपलाइन आली. पाणी चांगलं येतं, दुसऱ्या मजल्यापर्यंत तर मोटरही लागत नाही. आई खूश आहे. पाटसकरांनी सर्वसाधारण सभेत माझे आभार मानले, कशाबद्दल ते सांगितलं नाही. निमोणकरांकडे मी त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा कामाचं निमित्त काढून, आणि दोन्ही वेळा चहा निम्मा टाकून उठलो. त्यांनी थांबवलं नाही. ते माझ्याशी अजूनही पूर्वीसारखेच बोलतात, एक अक्षर कमी नाही, आणि मला तेच सोसवत नाही. हमीदभाई रस्त्यात भेटले की हात धरून चौकशी करतात. शालनताई डब्याबरोबर एक पोळी जास्त देतात, आणि नको म्हटलं तर ऐकत नाहीत.

निमोणकरांच्या तोंडून मी एवढ्या वर्षांत एकच खोटं ऐकलं. ते ज्यांना सांगितलं ती त्यांची अखेरची दोन माणसं होती, आणि ती त्यांचा शब्द तपासून बघत नाहीत. निमोणकरांची क्षमा मला मागायची आहे, पण ती नंतर. आधी मला हमीदभाईंना आणि शालनताईंना, निमोणकर समोर असताना, सांगायचं आहे की माझं नाव क्लबहाउसच्याच केंद्रावर होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.